फ्रिजवरची जेली

सकाळी चहासाठी कप घ्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर भांड्यांच्या जाळीत माझ्या सगळ्या प्लेटा उपड्या घालून वाळत ठेवलेल्या. लखलखीत. झाकणं शेजारी, एकात एक बसवलेली. त्यांना खेटून बायकोचा निळ्या काठाचा कप, तिची वाटी, तिचा चमचा. ती आज दुपारी हॉस्पिटलातून घरी यायची होती, म्हणून तिचीही भांडी त्याच हाताने धुऊन निघालेली. बाबा गॅसपाशी उभे होते, खांद्यावर टॉवेल, स्वतःशीच काहीतरी गुणगुणत. "तुझी ती जेली पार कामातून गेली होती रे," मागे न बघताच ते म्हणाले. "सगळ्यांवर बुरशी. पिवळी काय, पांढरी काय, एकीवर तर गुलाबी ठिपके. टाकली सगळी. वाट्या बऱ्या होत्या म्हणून घासून ठेवल्यात. झाकणं मात्र सैल आहेत, दुकानदाराला दाखव." मी विचारलं, कुठे सापडल्या? "फ्रिजच्या डोक्यावर, बिस्किटांच्या डब्यात. आठवडाभर तूच बोंबलतोयस ना, फ्रिजवर धूळ आहे, फ्रिजवर धूळ आहे. म्हटलं, सून यायच्या आत काढून टाकू." आणि वळून माझ्याकडे असे बघत राहिले, की आता मी त्यांना शाबास म्हणावं. मी शाबास म्हटलं.

मी दुधाच्या डेअरीत कामाला आहे, लॅबमध्ये. आलेल्या दुधाचा थेंब घ्यायचा आणि झाकणाच्या छोट्या बशीत टाकायचा. बशीत खाली जेलीचा थर असतो, ती जंतूंची मेजवानी. दोन दिवस ऊब दिली की जो जंतू एकटा होता त्याचं गाव होतं, डोळ्यांना ठिपका दिसेल एवढं. ती गावं मोजायची आणि दूध पास की नापास ते सांगायचं. मोजून झालं की प्लेटा मोठ्या कुकरमध्ये शिजवून मारायच्या आणि मगच फेकायच्या. इतकी वर्षं हे करतोय, की समोर कुणी शिंकलं तर मला तो माणूस दिसत नाही, त्याची प्लेट दिसते. बायकोला नवी किडनी बसली आणि डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं, की तिच्या शरीराने या पाहुण्या किडनीशी भांडू नये म्हणून गोळ्या देऊन त्याचा भांडखोरपणाच काढून घेतलाय. म्हणजे आता ते जंतूंशीही भांडणार नाही. कुणीही आलं तरी या, बसा म्हणेल. तुम्हा-आम्हाला जे दोन दिवस पोट बिघडण्यावर भागतं, त्याने ती पुन्हा इथे येईल, आणि कदाचित किडनी हातची जाईल. कच्चं नको, शिळं नको, बाहेरचं नको, ओली फडकी नकोत. डॉक्टर बोलत होते आणि मला आमचं स्वयंपाकघर दिसत होतं, एकेक वस्तू, तिच्यावर झाकण. तेव्हाच डोक्यात आलं. लॅबमधून थोड्या प्लेटा आणल्या. बाबा अंघोळीला गेले की कापसाच्या काडीने ओटा पुसायचा, भाजी कापायचा लाकडी बोर्ड पुसायचा, सिंकमधला स्पंज, नळाची मूठ, फ्रिजचा दांडा, सगळ्यांची हजेरी घ्यायची. फ्रिजच्या डोक्यावर मागच्या बाजूला ऊब असते, तिथे डबा ठेवला. आज मोजणार होतो आणि मोजून झालं की आमच्याच कुकरमध्ये शिजवून टाकणार होतो. ज्यात आम्ही भात लावतो, त्या कुकरमध्ये. यात काही वावगं आहे असं मला आज सकाळपर्यंत वाटलं नव्हतं. माणूस स्वतःच्या धंद्यात किती आंधळा असतो ते बाहेरच्याने सांगावं लागतं, आणि मी बाहेरच्या कुणाला सांगितलंच नव्हतं.

आणखी एक प्लेट होती. तिच्यावर मी मार्करने नुसताच 'ट' लिहिला होता. टॉवेल. बाबांच्या खांद्यावरचा. या टॉवेलला आमच्या घरात नोकरीच आहे म्हणा ना. गरम भांडं धरायला तो, ओटा पुसायला तो, घाम टिपायला, चष्मा पुसायला, धुतलेल्या ताटलीवरचं पाणी काढायला तो, आणि वाढताना ताटलीच्या काठावर आमटीचा ओघळ आला तर शेवटचा हातही त्याचाच. बाबा आगीच्या बंबावर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खांद्यावर काहीतरी असल्याशिवाय त्यांना आपण कामावर आहोत असं वाटत नाही. धोका म्हणजे काय, हे त्यांचं ठरलेलं आहे. धोका दिसतो, तापतो, धूर सोडतो, लोक खिडकीतून ओरडतात. मी चार दिवसांपूर्वी म्हणालो, बाबा, कोंबडी नळाखाली धुऊ नका, पाण्याचे शिंतोडे उडतात, तिच्या अंगावरचे जंतू ओटाभर जातात; शिजली की मरतातच ते. "न धुता?" बाबा म्हणाले. "तशीच घालू भांड्यात? ती काय पाहुणी आहे, आल्या आल्या बसा म्हणायला?" आणि नळ आणखी मोठा करून त्यांनी ती अशी धुतली, जशी कुणी गाडी धुतं. मी मागे सरकलो. माझ्या शर्टावर एक थेंब आला, तो मी ऑफिसात जाईपर्यंत बघत होतो.

"कशाने घासल्या?" मी विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला, तर तो बातम्या देणाऱ्यासारखा निघाला. "कशाने म्हणजे? स्पंजने. चिकटली होती मेली, निघेचना. मग कडकडीत पाणी ओतलं. वितळली लोण्यासारखी आणि गेली." कुठे गेली? "सिंकात. कुठे जाणार?" बाबा हसले. मी स्पंजकडे बघितलं. तो साबणाच्या बशीत आरामात पहुडला होता, पोट भरल्यासारखा फुगून. त्या स्पंजने प्लेटा, मग तोच स्पंज तिच्या कपात आत फिरलेला, मग टॉवेल त्या कपाच्या काठावर, जिथे तिचे ओठ लागणार. कोंबडीच्या बोर्डावरून मी जे उचललं होतं ते काडीच्या टोकावर असेल मूठभर. दोन दिवस खाऊपिऊ घालून मी त्याचं आख्खं शहर केलं होतं आणि आज सकाळी बाबांनी ते शहर स्वयंपाकघरभर वाटून दिलं होतं. कडकडीत पाण्याने थोडे मेले असतील. किती? शिंतोडे कुठवर उडाले असतील? मी ओट्याच्या कडेला हात ठेवला होता, तो उचलला. ठेवायला दुसरी जागा दिसेना. हात हवेतच राहिला. बाबा म्हणाले, "काय, काही हवंय का?"

सांगायचं की नाही, एवढंच होतं खरं तर. पण सांगायचं म्हणजे 'ट'पण सांगावं लागणार होतं. बायकोच्या किडन्या गेल्या तेव्हा सगळ्यात आधी हात वर केला तो बाबांनी. डॉक्टरांच्या टेबलासमोर सरळ उभे राहून म्हणाले, माझी घ्या, एवढी वर्षं आगीत शिरून काही झालं नाही तिला. डॉक्टर चांगला माणूस, हसला नाही. वय विचारलं आणि म्हणाला, आजोबा, तुमची तुम्हालाच लागेल. शेवटी कुणा अनोळखी मेलेल्या माणसाची मिळाली, त्याच्या घरच्यांचे उपकार. पण डॉक्टरांनी नाही म्हटलं त्या दिवसापासून बाबांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, आणि मी काही म्हटलं की, "किडनी नको म्हणालात, निदान जेवण तरी माझ्या हातचं खाऊ दे तिला." दोन वर्षं ती दिवसाआड मशीनला जोडलेली, पाणी मोजून पिणारी. उन्हाळ्यात बर्फाचा खडा जिभेवर ठेवून डोळे मिटून बसायची, तो विरघळताना तिच्या चेहऱ्याकडे बघवायचं नाही. त्या दिवसांत बाबा बिनमिठाचं काय काय करायचे आणि तिच्यासमोर ठेवून उभे राहायचे. ती म्हणायची, बाबा, मस्त झालंय. ते बेचव असायचं, मला माहीत आहे, मी पण तेच खायचो. आई गेली तेव्हा मी लहान होतो. बाबांना चहासुद्धा येत नव्हता. मला ताप होता आणि त्यांनी करपलेला भात बोटांनी कुस्करला, इतका, की त्याची पेज झाली, आणि त्याच बोटांनी भरवला. बोटांना आदल्या रात्रीच्या आगीचा वास होता. त्या बोटांवर काय काय असेल, असं मला तेव्हा नाही वाटलं. आता वाटतं. आता ती आठवण आली की तिच्यावरही झाकण दिसतं आणि खाली ठिपके.

मी म्हटलं, बाबा, तुम्ही जरा बाहेर बसा, मी आवरतो. "आवरलेलंच तर आहे!" आहे हो, पण हॉस्पिटलचं म्हणणं आहे की भांडी उकळायची. हॉस्पिटलचं नाव काढलं की बाबा ऐकतात. ते बाहेर गेले आणि मी सुटलो. सगळ्यात मोठं पातेलं चढवलं आणि दिसेल ते त्यात टाकत सुटलो. कप, वाट्या, चमचे, डाव, चाकू, झारा, गाळणं. प्लॅस्टिकचा डाव पाण्यात गेल्या गेल्या लवून नमस्कार करायला लागला. माझ्या प्लेटा आक्रसून, वळून चिप्ससारख्या झाल्या, जाऊ देत. लाकडी बोर्ड पातेल्यात मावेना, म्हणून तो अर्धा बुडवून उभा धरला आणि वाफेने माझीच बोटं भाजली. स्पंज पिशवीत, पिशवी पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत. ओट्यावर साबणाचं पाणी, मग ब्लीचचं. नळाची मूठ पुसली आणि मग आठवलं की नळ बंद करायला ती पुन्हा धरावी लागणार, मघाच्याच हाताने. मग कोपराने. कोपराने नळ बंद करताना बशीतला साबण पडला, तो उचलायला वाकलो तर डोकं फ्रिजच्या दांड्याला. दांडा! तो पुसायचा राहिलाच होता. लॅबमध्ये मी इतका शांत माणूस आहे, की नवीन मुली मला ध्यान लावून बसलोय असं समजतात. इथे मी पुसलेल्या जागी ओले हात टेकवत होतो, टेकवलेली जागा पुसत होतो, आणि पुसलेलं कुठलं आणि राहिलेलं कुठलं याचा हिशोब डोक्यातून सांडत होता. नाकात ब्लीच, डोळ्यांत पाणी. शेवटी ओट्याच्या कोपऱ्यात झाकलेली एक वाटी राहिली होती, तीही न बघता पातेल्यात उलटी केली. काहीतरी टणटणत तळाला गेलं. म्हटलं, चमचा असेल.

आणि मग सिंकमधलं पाणी खाली जाईना. आधी वाटलं सावकाश जातंय. मग ते स्वस्थच उभं राहिलं, वर साबणाचा फेस, तळ्यासारखं. आणि मला एकदम कळलं. ती जेली समुद्रातल्या शेवाळाची असते. उकळत्या पाण्यात वितळते आणि कोमट झाली की पुन्हा गोठते. बाबांनी ती कडकडीत पाण्याने वितळवून खाली पाठवली होती, आणि सिंकच्या खालचा पाइप जिथे वळतो तिथे ती जाऊन, थंड होऊन, बूच मारून बसली होती. म्हणजे माझ्या सगळ्या शहरांना आता एकच मोठी सोसायटी मिळाली होती, खाण्यापिण्याच्या सोयीसह. वरून मी जे जे धुतलं ते सगळं त्यांच्या डोक्यावर जाऊन साचलं होतं, आणि आणखी एक भांडं टाकलं तर ओट्यावर परत येणार होतं. फोन वाजला. मेव्हणा होता. "भावोजी, डिस्चार्ज लवकर मिळाला हो! निघालोच आम्ही. ताई म्हणते, सरप्राइज द्यायचं होतं, पण मी म्हटलं सांगून टाकू." मागून तिचा आवाज आला, मास्कमुळे दबलेला, "सांगितलंस का, गाढवा?" इतक्या महिन्यांनी तिच्या आवाजात खोडी होती. मी म्हटलं, या, या. फोन ठेवला आणि सिंकच्या खाली शिरलो.

पाइप खोलायला दोन माणसं लागतात. एकाने पाना फिरवायचा आणि दुसऱ्याने बादली धरायची. घरात दुसरा माणूस एकच होता. बाबा आले, कण्हत खाली बसले, बादली धरली. मी रबराचे मोजे चढवले होते, ते बघून म्हणाले, "सिंक आहे रे, बॉम्ब नाही." त्यांचं बोलणं सकाळपासूनच काहीतरी वेगळं होतं, हवा सुटल्यासारखं, ते आता जाणवलं, पण माझं लक्ष पान्याकडे. पाइप सुटला. आधी राखी पाणी आलं, थोडं बादलीत, थोडं माझ्या बाहीत. मग काही क्षण काहीच नाही. मग अख्खी, पाइपच्या आकाराची, पिवळट, थरथरणारी जेली बादलीत पडली, एखादं बाळ जन्माला यावं तशी. आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.

"ही खायची जेली नाही, बाबा," मी म्हणालो.

"ते दिसतंय."

मग मी सांगितलं. सिंकच्या खाली, डोकं पाइपला लागलेलं, त्यांच्याकडे न बघता. डेअरीत आम्ही काय करतो ते, घरात मी काय केलं ते, काड्या, डबा, ऊब, बोर्ड, स्पंज. टॉवेल शेवटी. बाबांनी बादली हलू दिली नाही.

"म्हणजे मी अंघोळीला गेलो की तू माझा टॉवेल तपासत होतास."

"हो."

"आणि काय निघालं?"

"ते तुम्ही सकाळी धुऊन टाकलंत. नावंसुद्धा पुसली गेली. आता कुठली प्लेट कुणाची, काही कळणार नाही."

"मग सुटलो की पुराव्याअभावी," बाबा म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत. "किडनी नको म्हणालात माझी. म्हातारी आहे म्हणालात. बरं म्हटलं. आता हातही नकोत."

मला म्हणायचं होतं, तसं नाही. पण तसंच होतं. मी पान्याकडे बघत होतो, त्याच्यावर पाण्याचा थेंब जमत होता, पडत नव्हता. हजार दुधं नापास केली मी, गवळी दारात उभे राहून शपथा घालायचे, आणि मला कधी वाईट वाटलं नाही. कारण दुधाला तोंड नसतं. बाबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी घातली. ती का घातली कोण जाणे. आणि तो कचऱ्याच्या पिशवीत ठेवला. मग गुडघ्यावर हात दाबून म्हणाले, "बरं. आता काय करायचं ते सांग. तू पुढे, मी मागे. पण त्याआधी एक सांग. वाटीत भिजत घातलेले माझे दात कुणी शिजवले?"

पातेल्याच्या तळाला होते. बाहेर काढले तेव्हा हसरे होते, पण वाकडे. एका बाजूने कुणीतरी कुत्सित बोलल्यासारखे. सून येणार म्हणून बाबांनी ते खास चकचकीत करायला ठेवले होते. त्यांनी तोंडात घालून बघितले, काढले, पुन्हा घातले. "हे दुसऱ्या कुणाचे आहेत," म्हणाले आणि खिशात ठेवून दिले.

हॉस्पिटलातली जी सिस्टर या पेशंटांचं बघते तिला फोन लावला. खोटं बोलायचं ठरवून लावला आणि खरं बोललो. ती सगळं ऐकून घेत होती, मधूनमधून "हं" म्हणत. "कुठे कामाला आहात म्हणालात?" डेअरीत. "कुठल्या?" का हो? "नाही, म्हणजे त्या दुधापासून लांब राहायला बरं." मग एकदम शाळेतल्या बाईंसारखी झाली. स्पंज, फडकी, लाकडी बोर्ड, सगळं घराबाहेर. ओटा आणि सिंक आधी साबणाने, मग ब्लीचचं पाणी, ते लगेच पुसायचं नाही, थोडं राहू द्यायचं, मग स्वच्छ पाणी, मग कोरडं. कोरडं म्हणजे कोरडं. खिडक्या उघड्या, तिला ब्लीचचा वास नको. पेशंट आठवडाभर स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. जे द्याल ते तेव्हाच केलेलं, पूर्ण शिजलेलं, गरम. ताप आला, पोट बिघडलं, तर वाट बघायची नाही, थेट इथे. "आणि हात," ती म्हणाली. "तुम्हाला बाकी सगळं येतं, म्हणून सांगते. सगळे मान हलवतात आणि तसेच जेवायला बसतात." मी फोनवर मान हलवली.

सिस्टरने सांगितलं ते सगळं बाबांनी केलं, एकदाही उलट न बोलता. त्याचाच मला जास्त त्रास झाला. ते विचारायचे, "हा कोपरा?" मी म्हणायचो, हो, तोही. बंबावर असताना साहेबाचा हुकूम असाच ऐकत असतील. सकाळपासून शिजवलेलं कोंबडीचं सूप त्यांनी स्वतः उचलून संडासात ओतलं आणि वर पाणी सोडलं. मी म्हटलं, अहो, ते उकळलंय, ते चाललं असतं कदाचित. "कदाचित नको," बाबा म्हणाले. शेवटी घरात धड राहिलं होतं काय, तर कागदी पुडक्यातली अंडी. मी एका पातेलीत उकडत ठेवली, पूर्ण टणक होईपर्यंत, पातेलीपाशीच उभा राहून. अंडं ही मला त्या वेळी जगातली सगळ्यात शहाणी वस्तू वाटली, स्वतःचं पॅकिंग घेऊन येणारी.

ती आली. मेव्हणा खालूनच गेला, त्याला सर्दी होती आणि ते त्याने गाडीत बसल्यावर तिला सांगितलं होतं, त्यावरून वाटभर त्याला शिव्या खाव्या लागल्या होत्या. जिना ती माझ्या आधाराने एकेक पायरी थांबून चढली. दारात मास्कच्या वर फक्त डोळे. ते आधी माझ्याकडे, मग बाबांकडे, मग घरभर. "जलतरण तलाव उघडलात का?" म्हणाली. ब्लीचचा वास गेला नव्हता. मी तिला खिडकीपाशी बसवलं. बाबा बोळाच्या तोंडाशी उभे होते, तोंडावर हात. "बाबा, बोलत का नाही?" बाबांनी हात काढला, आणि ती बघतच राहिली. "दात?" "तुझ्या नवऱ्याने शिजवले," बाबा म्हणाले. तिला हसू आलं आणि लगेच तिने पोटाला हात लावला. "हसवू नका हो, टाके दुखतात." पण हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पोट दोन्ही हातांनी धरून. मी तिचं हसणं बघत होतो आणि मनात येत होतं, टाके. मनात येत होतं, ताप आला तर आज येणार नाही, परवा येईल, तेरवा येईल. ज्याला उगवायचं असतं त्याला वेळ लागतो. तोवर हे सगळं असंच दिसेल. असंच छान.

"भूक लागलीय," ती म्हणाली. "बाबा, काय केलंय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. उत्तर माझंच होतं. मी म्हटलं, अंडी आहेत, उकडलेली, गरम, मी आणतो. "तू कशाला? तिथे महिनाभर तूच आणून दिलंस, स्टीलचा डबा, झाकण, डबा, झाकण," ती म्हणाली. "मला बाबांच्या हातचं हवंय." तिला काही माहीत नव्हतं. तिला सांगायचं तर आताच, इथेच सांगावं लागणार होतं, आणि बाबा तिथेच उभे, हात पाठीमागे बांधलेले, शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यासारखे. मी काही बोलायच्या आत ते वळले आणि बाथरूममध्ये गेले. नळ सुटला. बंद झाला. साबणाचा आवाज, ओल्या हातांचा, चळचळ, चळचळ, खूप वेळ. बोटांच्या मधे, नखांपाशी, मनगटापर्यंत. मला दिसत नव्हतं पण ऐकू येत होतं. पुन्हा नळ. पुन्हा साबण. "काय चाललंय त्यांचं?" ती हळूच म्हणाली. बाबा बाहेर आले ते दोन्ही हात वर धरून, कोपरांवरून पाणी गळतंय. सवयीने मान खांद्याकडे वळली, तिथे काही नव्हतं. मी कागदी रुमाल पुढे केला. त्यांनी एकेक बोट पुसलं आणि मग ते हात तसेच वर धरून माझ्यासमोर उभे राहिले. मी त्या हातांकडे बघितलं. भाजल्याचे जुने पांढरे डाग, वाकडी करंगळी, सुरकुत्यांत थांबलेलं थोडं पाणी. माझ्याकडे काडी नव्हती, प्लेट नव्हती, दोन दिवस नव्हते.

"द्या तुम्हीच," मी म्हणालो.

बाबांनी अंडं तिच्यासमोर बसून सोललं. हळूहळू, टरफलाचा एकही कण राहू न देता. वाफ निघत होती. पांढरंशुभ्र, गुळगुळीत अंडं त्यांच्या बोटांत फिरत होतं आणि मी फेऱ्या मोजत होतो. तिने मास्क खाली केला. इतक्या दिवसांनी तिचं अख्खं तोंड घरात दिसलं. बाबांनी मीठ घातलं, चिमूटभर, खरंखुरं मीठ, आणि तिने घास घेतला. डोळे मिटले. "बाबा," म्हणाली आणि नुसती चावत राहिली. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांच्या बोळक्या हिरड्या तिच्याबरोबर हलत होत्या. मीही बघत होतो. "तू काय असा बघतोयस?" ती मला म्हणाली. "पोलिसासारखा. घे, तूपण खा, सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाहीयेस." आणि अर्धं अंडं माझ्यापुढे केलं. मला खरंच भूक लागली होती. मी हात पुढे केला.

"हात!" दोघंही एकदम ओरडले.

मी बाथरूममध्ये गेलो. बाहेर त्यांचं हसणं चालू होतं, ती विचारत होती, दात शिजायला किती वेळ लागतो, आणि बाबा काहीतरी सांगत होते ते बोळक्या तोंडातून नीट कळत नव्हतं. पाणी सोडलं, साबण घेतला. तळवे, पाठ, बोटांच्या मधे, अंगठे. सिंकच्या खाली मोजे होते ना? होते. पण ते काढले कुठल्या हाताने? फोन त्याच हाताने लावला आणि जिन्यात तिचं कोपर याच हाताने धरलं. पाणी सोडलं. पुन्हा साबण घेतला. हात लाल झाले होते, बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली, आणि मला त्यांच्यावर काहीच दिसत नव्हतं. "अरे, झाले की नाही? गार होतंय!" बाहेरून ती म्हणाली.

"झाले," मी म्हटलं आणि पुन्हा साबण घेतला.